जित्या माणसाचा फोटो

"मी येतोय म्हणजे होय बोललो असं नाय," पांडू उतेकर सकाळपासून सांगत सुटला होता. म्हशींना पेंढा टाकताना बोलला, चहा पिताना बोलला, आणि आसनकोंड गावाची घाटी उतरताना तर ऐकायला चिटपाखरू नव्हतं तरी बोलला. बायको तुळसा मागे राहिली होती. तिने पुढच्या वळणावर त्याला गाठलं आणि म्हणाली, "कळलं हो. आख्ख्या डोंगराला कळलं. आता पाय उचला, नायतर एस्टी जाईल."

पांडू म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. पण त्या दिवशी त्याच्या नाकावर माशी नव्हती, पोरगी बसली होती.

पोरगी म्हणजे सारिका. पोलादपूरला बारावी झाली आणि महाडला नीलाताईंच्या फोटो स्टुडिओत कामाला लागली. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो. "हनुवटी खाली घ्या, काका. इकडे बघा. थोडं हसा." असं दिवसभर. आसनकोंडातल्या लोकांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. उलट शेजारची रंगूबाई आधार कार्डावरचा आपला फोटो सगळ्यांना दाखवून सांगायची, ह्यापेक्षा आमची सारी बरा काढते.

पण मागच्या वर्षी रायगड बघायला आलेली एक गोरी बाई मेमरी कार्ड बिघडलं म्हणून स्टुडिओत शिरली, आणि तिथून सगळं फिस्कटलं. म्हणजे पांडूच्या मते फिस्कटलं. ही बाई पोर्तुगालातल्या पोर्तो गावची, नाव इनेश. तिने सारिकाला आपल्याच शहरातल्या रस्त्यांचे फोटो दाखवले. ना राजवाडे, ना पुतळे. साधी माणसं, साध्या गल्ल्या. कोणाला "इकडे बघा" म्हणायचं नाही. कोपऱ्यावर उभं राहायचं, माणसं आपापली कामं करत असतात, त्यात एखाद्या क्षणी काहीतरी दिसतं, तेवढंच टिपायचं. सारिकाला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून सुटी मिळाली की ही पोरगी कॅमेरा घेऊन महाडच्या बाजारात, नाही तर पोलादपूरच्या स्टँडवर.

काढलेले फोटो ती इनेशबाईला पाठवायची, ती तिचे पाठवायची. असं करता करता पोर्तोतल्या फोटोवाल्या मंडळींनी सारिकाला बोलावणंच धाडलं. तीन महिने तिकडे राहायचं आणि ज्या शहरात आजवर पाऊल टाकलं नाही त्याच्या रस्त्यांवरचं रोजचं जगणं टिपायचं. जाण्यायेण्याचं, राहण्याचं सगळं त्यांचं.

पांडू म्हणाला, "नाय."

कारणं त्याने भराभर सांगितली. लोक काय बोलतील. तरणी पोर एकटी परमुलखात. नात्याचं स्थळ आलंय, मुलगा एमआयडीसीत पर्मनंट, ते लोक काय थांबून राहणार? सारिका प्रत्येक कारणाला उत्तर देत गेली, पांडू प्रत्येक उत्तराला "नाय" म्हणत गेला. शेवटी तुळसा म्हणाली, "अवो, पोर काय करते ते निदान बघा तरी. महाडला फोटो लावतायत तिचे आणि त्या बाईचे. बघा आणि मग काय ते बोला." त्याला नाही म्हणायला पांडूला कारण सापडेना. "बघतो," तो म्हणाला. "बघितल्यावर नाय बोलीन." सारिकानेही मान हलवली. बाबा बघून जे म्हणतील ते शेवटचं, तिने कबूल केलं.

आता खरं सांगायचं तर पांडू ताकाला जाऊन भांडं लपवत होता. लोकांना तो काय भीक घालतोय! नात्याचं स्थळ त्याला स्वतःलाच पसंत नव्हतं. भीती वेगळीच होती. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्याचा थोरला भाऊ चांगू गेला. घाटात दरड आलेली, रस्ता बंद, चांगूचा मुलगा मुंबईहून निघाला तो कुठेतरी अडकला. प्रेत किती ठेवणार? अग्नी पांडूने दिला. पोरगा पोचला तेव्हा राख भिजून चिखल झाली होती, आणि तो तिथे बसून हातांनी चिखल चाचपत होता. तेव्हापासून पांडूच्या मनात ते घर करून बसलेलं. त्यात यंदा भाताच्या लावणीला त्याला चक्कर आली, डॉक्टरने रोजची गोळी लावून दिली. मुंबईचा पोरगा वेळेवर पोचत नाय, तर सात समुद्रांपलीकडची पोरगी कधी पोचणार? हे तो कोणाला बोलला नव्हता. बाप माणूस असलं बोलतो थोडाच! बाप माणूस "लोक काय बोलतील" असं बोलतो.

तर पांडू, तुळसा आणि "मला पण बघायचंय गो" म्हणून निघालेली रंगूबाई असे तिघे महाडला उतरले. स्टँडजवळच्या एका छोट्या मंगल कार्यालयात फोटो लावले होते. दारात नीलाताई. नीलाताई म्हणजे चाळिशीतली, गडबडीची, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी बाई. "या, पांडूकाका, या! अजून पाहुणे यायचेत. तोवर फोटो बघून घ्या निवांत."

सारिका आत कोणाशी तरी बोलत होती. बापाला बघून तिचं तोंड एवढंसं झालं. ती जवळ आली आणि तिने आईच्या हातातली पिशवी घेतली. पांडू "हं" एवढंच म्हणाला.

एका भिंतीवर पोर्तो होतं. सगळं काळं-पांढरं.

"रंग संपला काय त्यांचा?" पांडूने पहिल्याच फोटोला विचारलं.

"तिकडे असेच काढतात, बाबा. रंगात लक्ष जात नाही मग. माणसाकडे जातं. मी पण माझे तसेच केलेत."

पांडू हात पाठीमागे बांधून चालू लागला, बाजारात बैल बघायला गेल्यासारखा. एका फोटोत उभ्याच्या उभ्या चढाची गल्ली, आणि एक म्हातारी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मध्येच दम खात थांबलेली. पांडू थांबला. "अरे, ही तर आपली घाटी!" पुढच्या फोटोत दोन घरांच्या मध्ये दोरीवर लुगड्यांएवढ्या चादरी वाळत टाकलेल्या आणि खिडकीतून एक बाई समोरच्या खिडकीतल्या बाईशी हातवारे करून बोलतेय. रंगूबाई लगेच म्हणाली, "भांडतायत." तुळसा म्हणाली, "नाय गो, सुनेचं सांगतेय ती. हात बघ ना तिचा." दोघींचं त्यावरून जुंपलं. पुढे रस्त्याकडेला धूर, धुरात एक माणूस कसल्याशा बिया भाजतोय. "आठळ्या," पांडू म्हणाला. सारिकाने सांगितलं की फणस तिकडे नाही, ती दुसरीच फळं असतात. "असू दे. भाजतायत ना? मग आठळ्याच."

आणि एका बाकावर चार म्हातारे, उलट्या खोक्यावर पत्ते मांडून बसलेले. त्यातला एक दुसऱ्याच्या पानांत डोकावतोय. पांडूला हसू फुटलं. त्याने ते दाबलं, पण तुळसाला दिसलं. ती पुढच्या फोटोकडे वळली. ह्या माणसाला हसताना पकडलं की तो दुप्पट आंबट तोंड करतो, हे तिला एवढ्या वर्षांत पक्कं ठाऊक होतं.

समोरच्या भिंतीवर आपला मुलूख. एमआयडीसीच्या बसच्या काचेला डोकी टेकून झोपलेले पाळीवाले कामगार. पाचाडला खाणावळीत भाकरी थापणारी बाई, धुरात तिचे फक्त हात दिसतायत. महाडच्या बाजारात बांगड्या भरून घेणारी पोर, डोळे गच्च मिटलेली. आणि पोलादपूरच्या स्टँडवर कोंबडी काखेत धरून कंडक्टरशी हुज्जत घालणारी खुद्द रंगूबाई.

"अगं बया! मी?" रंगूबाई किंचाळली. "कवा काढलास गो? पदर तरी नीट करायला सांगायचास!" असं म्हणत ती त्या फोटोपासून काही केल्या हलेना. येईल त्याला सांगू लागली, "ही मी. आणि कोंबडीचं तिकीट मी दिलं नाय ते नायच दिलं."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आसनकोंडात भिंतीवर दोघांचेच फोटो लागतात. देवाचे, आणि जे देवाघरी गेले त्यांचे. जित्या माणसाचा फोटो चौकटीत घालून खिळ्याला टांगायचा म्हणजे त्याला बोलावणं पाठवल्यासारखंच. रंगूबाईच्या आणि इतरांच्या फोटोंना म्हणूनच सारिकाने चौकटी केल्या नव्हत्या, नुसते पुठ्ठ्यावर चिकटवले होते. एकच फोटो चौकटीत होता. तो सगळ्यांत मोठा होता आणि पोर्तोवाल्यांनी तो तसाच मागितला होता. "ताई, हा भिंतीवर नको हं, काही झालं तरी नको," सारिकाने नीलाताईंना बजावलं होतं. नीलाताईंनी तो भिंतीवर लावला नाही. टेबलावर ठेवला. समईशेजारी. फुलांच्या ताटामागे. सरस्वतीची तसबीर होती, पण ती छोटी, ती त्या मोठ्या चौकटीमागे पार झाकून गेली. पोरीने बापाच्या जिवाला जपायला म्हणून सांगितलं आणि त्यातूनच सगळं घडलं, बघा.

पांडूने ते टेबल पाहिलंच नाही. तोवर बाहेर गाडी थांबली आणि पाहुणे आले.

पाहुणे म्हणजे तालुक्यातले एक पुढारी. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी त्यांना एक साखरपुडा, एक क्रिकेटची स्पर्धा आणि एक दहावं, इतकं उरकायचं होतं. आत येता येता फोनवर बोलत होते. सगळे लगबगीने खुर्च्यांवर बसले. पांडूला नीलाताईंनी पहिल्या रांगेत बसवलं, हातात चहाचा कप दिला. सारिका माइकजवळ उभी राहिली.

भाऊसाहेब टेबलापाशी गेले. समई लावली. मग त्यांच्या हाताला सवयच होती, दुसरं काय! कार्यक्रम म्हटला की समई, समई म्हटली की तसबीर, तसबीर म्हटली की हार. ताटात हार होता. समोर काळ्या-पांढऱ्या फोटोत टोपीवाला म्हातारा माणूस होता. त्यांनी गंभीर चेहरा केला, हार उचलला, चौकटीला घातला, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून उभे राहिले. मागचे दोन कार्यकर्तेही हात जोडून उभे राहिले. सभागृहातले चारसहा जण तर उठूनसुद्धा उभे राहिले.

पांडू चहाचा घोट घेत होता. त्याने फोटोकडे पाहिलं. झेंडूच्या हारात त्याचंच तोंड होतं.

सारिकाच्या तोंडचं पाणी पळालं, माइक तिच्या हातातून सुटला आणि तो पडल्याचा धाडकन आवाज स्पीकरमधून आला.

आणि मग तुळसा उठली.

कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलेली ती बाई, आयुष्यात कधी चार लोकांत मोठ्याने बोलली नव्हती. ती तरातरा टेबलापाशी गेली. भाऊसाहेबांनी डोळे उघडले तर समोर ही. तिने त्यांच्या देखत हार ओढून काढला.

"काय केलंत हे? कोणाला हार घातलात? माझा नवरा हाय तो! तो बघा बसलाय, चा पितोय!"

सगळ्यांनी वळून पांडूकडे पाहिलं. पांडूला काय करावं कळेना. माणसाला जिवंत असल्याचा पुरावा द्यायची वेळ आली की तो काय करणार? त्याने कप उंच करून दाखवला.

पहिल्यांदा मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. मग भाऊसाहेबांचं तोंड असं झालं की दुसऱ्याला हसू आलं. तेवढ्यात रंगूबाईने दोन्ही हात वर करून ओरडून सांगितलं, "अरे घाबरता कशाला? जित्या माणसाची मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं! आमच्या आज्याची उठलेली, पुढं नातवाचं लगीन बघून गेला तो! पांडू, तुला आता मरण नाय रे!" मग मात्र सगळा हॉल हसला. भाऊसाहेबही हसले, खाली वाकून पांडूच्या पाया पडले, "काका, माफ करा," म्हणाले. पांडू पुटपुटला, "हार तरी ताजा आणायचा. झेंडू कोमेजलेला हाय." तुळसा तिथूनच म्हणाली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाय बोलतात. ह्यांची मेल्यावर पण गेली नाय!" आता हसता हसता लोकांची पुरेवाट झाली.

भाषण थोडक्यात आटपलं. भाऊसाहेब पुढच्या कार्यक्रमाला गेले. लोक फोटो बघत फिरू लागले, आणि पांडू हळूच उठून त्या टेबलापाशी गेला. अजून त्याने आपला फोटो धड पाहिलाच नव्हता.

पोलादपूरचा स्टँड. बंद दुकानाच्या पायरीवर तो बसलेला, छत्री गुडघ्यांत धरलेली, टोपी मागे सरकलेली. मान लांब करून महाडच्या रस्त्याकडे बघतोय. तोंड किंचित उघडं आहे. शनिवार होता तो, त्याला आठवलं. दर शनिवारी सारिका घरी यायची आणि दर शनिवारी पांडूचं पोलादपुरात काहीतरी काम निघायचं. कधी पेंड आणायची, कधी कोयत्याला धार लावायची. "तू हायस होय? बरं झालं, मी पण निघालोच होतो," असं तो तिला म्हणायचा. त्याला वाटायचं, पोरीला काही कळत नाय. आणि पोरगी एकदा आधीच्या गाडीने उतरून समोरच्या बाजूला उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

आपलं तोंड असं दिसतं? पांडूला लाज वाटली आणि मग लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं, आणि त्याचे डोळे भरले. इतकं जपून लपवलेलं, आणि ते ह्या पोरीने चौकटीत घालून ठेवलं होतं.

सारिका त्याच्यामागे येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल झाले होते.

"बाबा, मी नाय जात," ती म्हणाली. महाडात राहून कमावलेली तिची शुद्ध भाषा गळून पडली होती. "मी त्यांना कळवते. तुमचा फोटो, हार... मला बघवलं नाय. मला वाटलं खरंच कधी असं झालं आणि मी तिकडं असले तर... नको मला पोर्तो. चला, मी पण येते घरी."

बघा कसं असतं. जे "नाय" पांडू महिनाभर पोरीच्या तोंडून काढू बघत होता ते आयतं त्याच्या ओंजळीत पडलं. घ्यायचं, पिशवी उचलायची आणि एस्टीत बसायचं. आणि पांडूला ते घेववेना. आपलीच भीती पोरीच्या तोंडून ऐकली तेव्हा ती किती वाईट दिसते ते त्याला कळलं. ह्या पोरीला ती भीती आपण पाजली. न बोलता पाजली.

"इकडं ये," तो म्हणाला. ती जवळ आली.

"लोकं बोलतील म्हणून मी 'नाय' बोललो नव्हतो गो. त्या नात्याच्या पोराचं मला नावपण आठवत नाय. मला भ्या वाटत होतं. चांगूदादाचा पोरगा राखेत बसलेला बघितलाय मी. तू तशी बसू नयेस, एवढंच होतं माझ्या मनात. दुसरं काय नव्हतं."

सारिका रडू लागली. तुळसा थोड्या अंतरावर उभी होती, ती जवळ आली नाही. तिने तोंडाला पदर लावला होता.

"रडायला काय झालं? ऐकलं नायस रंगूबाई काय बोलली? आयुष्य वाढलं माझं." पांडूने टोपी काढली, त्या टोपीनेच आपलं नाक पुसलं आणि परत डोक्यावर घातली. "मरायचं होतं ते आज मरून झालं, तुझ्या डोळ्यांदेखत. तू होतीस ना हितं? वेळेवर होतीस. मग झालं तर. आता परत इतक्यात काय मी मरत नाय. तू जा."

"बाबा, तीन महिने..."

"जा बोललो ना! त्या चढावरच्या म्हातारीला भेट. त्या पत्तेवाल्याला सांग, दुसऱ्याची पानं बघू नये. बिनधास्त काढ तिकडचे फोटो." मग त्याने टेबलावरच्या चौकटीकडे, त्या लांब मान करून बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. "आणि माझी काळजी करू नको. वाट बघायची मला सवय हाय. तूच काढलायस ना तो फोटो?"